जळक्या बुचाचा रंग

पिंपळनेरची जत्रा माझ्या हातून ज्या म्हाताऱ्यानं घालवली, त्याच्याविषयी मी आजवर कुणापाशी चांगलं बोललेलो नाही. आजही फार गोड बोलेन असं नाही. नाटकांचे पडदे आणि ड्रेपरी, म्हणजे नटांचे कपडे, भाड्यानं देण्याचा धंदा मी धुळ्यात एकट्यानं उभा केला, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्या धंद्यातली निम्मी अक्कल मला या म्हाताऱ्याशी भांडता भांडता आली. मालाची तारीफ करायची असो की खोट काढायची असो, मी आहे त्याहून वाढवून सांगत नाही. त्याच्या बाबतीतही तसंच करणार आहे.

सगळं धुळं त्यांना चाचा म्हणत असे. मीही चाचाच म्हणे. राग आला की मनातल्या मनात म्हातारा म्हणे, आणि राग मला रोज येई.

चाचा रंगवाले होते. घरांचे नव्हे, तोंडांचे. मुंबईहून निघालेली एक उर्दू नाटक कंपनी गावोगाव खेळ करत धुळ्यापर्यंत आली आणि धुळ्यातच मोडली. नट, वाजवणारे आपापल्या मुलखाला गेले. चाचा आपली रंग ठेवलेली पत्र्याची बिस्किटांची पेटी घेऊन मशिदीमागच्या गल्लीत एका खोलीत राहिले, ते राहिलेच. मी त्यांना हाताशी धरलं तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती आणि चाचांची पंचाहत्तरी उलटत आली होती. अंगानं काटकुळे, पण बोटं अशी की दाढीचे खुंट असलेल्या गालावर फिरली तरी लोण्यावरून फिरल्यासारखी फिरत. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कायमची काळसर होती. ती साबणानं निघत नाहीत असं ते सांगत. माझं मत असं की ते काढत नसत.

मी स्वतः बोदवडच्या स्टेशनावर कंपन्यांच्या ट्रंका उतरवत या धंद्यात आलो. एका मोडक्या कंपनीच्या चार ट्रंका कुणाला नको होत्या, त्या मी घासाघीस करून उचलल्या आणि त्यातल्या भगव्या कफन्या धुऊन, शिवून भाड्यानं दिल्या. तिथून सुरुवात. ही गोष्ट मी अभिमानानं सांगतो. चाचा मात्र माझ्यावर चिडले की मला "ट्रंकवाले" म्हणून हाक मारत, आणि चारचौघांत मारत.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर बुचांपासून सांगायला हव्यात. काळा रंग करायचा तर तो जळक्या बुचाचाच, असा त्यांचा हट्ट. बाटलीचं बूच स्पिरिटवर जाळायचं, खलून पूड करायची, फडक्यातून गाळायची आणि पाण्यात कालवायची. तेलाचा थेंब नाही. तोंडाला आधी हलका हात क्रीमचा, तो पुसून कोरडा, मग बूच. असा रंग घाम आला तरी उतरत नाही आणि साबण लागला की पाच मिनिटांत निघतो. पूर्वी बुचं दारूच्या दुकानामागं पडलेली मिळत. दारूबंदी आली तेव्हा गावातले पिणारे जितके हळहळले नसतील तितके चाचा हळहळले.

"सरकारनं दारू बंद केली ती केली, माझा रंग का बंद केला?" असं ते मला विचारत. जसा काही ठराव मीच पास केला होता.

मग त्यांनी दवाखान्याच्या कंपाउंडरला गाठलं. औषधाच्या बाटल्यांची बुचं ते त्याच्याकडून गोळा करत. पण घेण्याआधी प्रत्येक बूच हातात धरून विचारत, "पेशंट बरा झाला?" मेलेल्याच्या बाटलीचं बूच घेत नसत. कंपाउंडरही बेरकी. तो सगळ्यांना बरं करून टाकी.

दुसरी तऱ्हा म्हणजे हा माणूस नाटक बघत नसे. सगळी तोंडं रंगवून झाली की विंगेत रंगमंचाकडे पाठ करून, ट्रंकेवर मांडी घालून बसे आणि फक्त हशा ऐके. हशावरून त्यांना कळे. "हा खुर्चीवरचा," म्हणत. "हा जमिनीवरचा. हा बायकांचा, पदर तोंडाला लावून. हा एक जण उगाच हसतो, त्याला कळलं नाही." मी एकदोनदा पडद्याच्या भोकातून बघून पडताळा घेतला. चुकत नसत. धंद्याच्या दृष्टीनं हे फार उपयोगी ज्ञान होतं आणि ते मी त्यांच्याकडून फुकट शिकलो, हे कबूल करतो.

पण सगळ्यांत मोठी खोड काळ्या तोंडाची. राजा असो, राक्षस असो, नारद असो, चाचा मुकाट्यानं रंगवत. काळं तोंड करायचं असलं की मात्र नटाला समोर बसवून विचारत, "याच्या आईचं नाव काय?"

फार्समधल्या काळ्या गड्याला आई कुठून असणार? लेखकानं त्याला धड नावच दिलेलं नसे. नट गोंधळे. मग चाचा म्हणत, "पहिले ऐक, मग थोबाड पुढं कर," आणि ती गोष्ट सुरू करत. मी ती इतक्यांदा अर्धवट ऐकली आहे की जोडून पूर्ण झाली.

"राणीचं राज्य होतं," चाचा सांगत. "मुंबईत गोऱ्यांचं थेटर, आणि मी वीस-बावीसचा, तिथं रंगपटात नोकर. विलायतेहून एक टोळी आली. दहा-बारा गोरे. गोरे म्हणजे असे, की उन्हात उभे केले तर लाल व्हायचे. आणि त्यांना काय व्हायचं होतं? काळं! मी बुचं जाळायचो, ते तोंडाला, मानेला, हातांना फासायचे. ओठ तेवढे मोठे ठेवायचे. मग अर्धगोलात खुर्च्या टाकून बसायचे. मध्ये एक शहाणा. दोन टोकांना दोन वेडे, एकाच्या हातात खंजिरी, दुसऱ्याच्या हातात हाडांच्या पट्ट्या. शहाणा विचारणार, वेडे उलटं सांगणार, थेटर हसणार."

"चाचा, तिसरी घंटा व्हायची आहे," मी म्हणे.

"होऊ दे. तर हे कोण? म्हणे अमेरिकेतले हबशी. गोऱ्यांचे गुलाम, शेतावर कापूस वेचणारे. आपल्या इथं बाया वेचतात ना, तसेच. मी एका साहेबाला विचारलं, साहेब, तुम्ही कापूस वेचणारा हबशी पाहिलाय? तो म्हणाला, त्यात पाहायचं काय? विलायतेत पन्नास-साठ वर्षं हेच चाललंय. माझ्या बापानं केलं, मी करतो. आणि ऐक, अमेरिकेत पुढं खरे काळेच कंपन्या काढून नाचायला लागले. तर त्यांनाही तोंडाला बूच फासावं लागे! लोक म्हणत, असे साधे काळे नकोत, नाटकातले काळे दाखवा."

इथं बहुतेक नट हसत. चाचा हसत नसत.

"मुंबईत आले तर आपल्यालाही सोडलं नाही. त्याच सुरात बाबूचं सोंग काढायचे, पारशाचं काढायचे, मोडकं इंग्रजी बोलायचे. आणि खाली आपलेच शेठ बसून हसायचे. प्रत्येकाला वाटायचं, शेजारच्याची काढली."

आणि मग शेवट. गोदीतला एक सिद्दी, म्हणजे आपल्याकडचा हबशीच, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा, एक दिवस वरच्या गॅलरीत बसून सगळा खेळ बघून गेला. गेला म्हणजे मागच्या दारानं रंगपटात आला आणि चाचांना विचारू लागला, हे कोण होते? चाचा म्हणाले, तुझेच भाऊबंद, आणि हसले. तो म्हणाला, माझे? मग यांच्या आईचं नाव सांग.

"मला सांगता येईना," चाचा म्हणत. "तो गेला. मी ती गंमत साहेबांना सांगितली. तोंडं धुता धुता सगळे हसले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खेळात घातली. शहाणा विचारायचा, तुझ्या आईचं नाव काय? वेडा म्हणायचा, कुठली आई? थेटर लोळायचं. त्यांना ती मी दिली होती, समजलास? मी."

इतकं झालं की ते पेटी उघडत. पुढं ते असंही म्हणत की गोरे गेले, बूच त्यांच्या हातात राहिलं, ते त्यांनी उर्दू कंपनीत नेलं, तिथून मराठीवाल्यांनी उचललं, आणि आपल्याकडच्या फार्समधला काळा गडी त्यांच्याच पेटीतून निघाला. यात बढाई किती ते मला सांगता येणार नाही. काजळी काय खान्देशात नव्हती? पण स्वतःच्या अंगावर घ्यायची चाचांना सवय होती. ती सवय मला कशी भोवली, ते पुढं येतंच.

जळगावच्या एका हौशी मंडळानं एक फार्स बसवला होता. एक लोभी सावकार, त्याची तोऱ्याची बायको आणि घरातला भिल्ल गडी. सावकारानं गड्याला तीनदा मारायचं, कान पिळायचा, शेवटी गड्यानं त्याचे पाय धरायचे आणि पडदा. गड्याचं काम करणारा दिगंबर हा जिनिंग कारखान्यातला कारकून, गोरापान, नाकीडोळी नीटस. पहिला खेळ जळगावला झाला. चाचांनी त्याला समोर बसवलं. दिगंबर पोरगा चांगला होता. त्यानं गोष्ट नीट ऐकून घेतली आणि डोकं खाजवून म्हणाला, "झिपरी."

"झिपरी काय करते?"

"मोळ्या विकते."

"कुठं?"

"पिंप्राळ्याच्या रस्त्याला बसते. सकाळी."

"बस," म्हणून चाचांनी रंग लावला. असा लावला की दिगंबरचा साहेब पुढच्या रांगेत असून त्याला ओळखेना.

पण खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, हशा कमी पडतोय. पहिल्या थपडेला जिथं छप्पर उडायला हवं, तिथं लोक गप्प. दिगंबर मार खाऊन असा बघत होता की पुढची एक म्हातारी "अरे राम" म्हणाली. फार्समध्ये अरे राम! मी विंगेत चाचांजवळ गेलो.

"चाचा, तुम्ही माझा माल बिघडवताय."

"बिघडला नाही," ते पाठ न वळवता म्हणाले. "हशा खुर्चीवरून आला नाही इतकंच."

पुढं बोदवडलाही तसंच झालं. माझ्या स्वतःच्या गावात! मी मंडळाच्या लोकांना शब्द दिला होता की पोट धरून हसतील. त्या दिवशी मी ठरवलं, झिपरी बंद.

आता पिंपळनेर. तिथल्या जत्रेत दरवर्षी चार दिवस नाटकं होत. पडदे, कपडे, रंग, सगळा सरंजाम नाशिकचा एक ड्रेपरीवाला आणी. त्या वर्षी जत्रा कमिटीचे अध्यक्ष नानाशेठ यांच्याशी मी तीन बैठका मारल्या. नानाशेठ धान्याचे व्यापारी, सावकारीही करत, पांढरा सदरा, लाल पगडी. मोजकं बोलत आणि बोलतील ते पाळत. ते म्हणाले, "एक खेळ करून दाखवा. लोक खूश झाले तर पुढच्या वर्षापासून सगळी जत्रा तुमची. नाशिकवाल्याला मी पत्र पाठवतो." पिंपळनेर हाती आलं की साक्रीपासूनचा पट्टा आपोआप आला असता. खान्देशात ड्रेपरी म्हणजे मी, असं झालं असतं. एका खेळावर माझं इतकं टांगलेलं होतं आणि तो खेळ म्हणजे हा फार्स.

मी दिगंबरला जळगावहून निघतानाच बजावलं. गोष्ट ऐकायची नाही, नाव सांगायचं नाही. तो गडी आहे, विनोदी आहे, विषय संपला.

खेळ दुपारचा होता, कारण लांबच्या पाड्यांवरून आलेल्या लोकांना उजेडात परत जायचं असे. वर पत्र्याचा मांडव, ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. पुढं खुर्च्यांवर दुकानदार, कचेरीतले लोक, मधोमध नानाशेठ. मागं जमिनीवर भिल्ल, कोकणे असे आदिवासी, बायामुलांसकट पाचएकशे तरी असतील. रंगपट म्हणजे चार तट्टे उभे करून केलेली खोली. चाचांनी दिगंबरला समोर बसवलं.

"याच्या आईचं नाव काय?"

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. "आई नाही त्याला, चाचा. तो नुसता गडी आहे."

चाचांनी उघडलेली पेटी बंद केली.

मी सौदे करण्यात कुणाला हार जात नाही. म्हटलं, "चाचा, वेळ नाही. नाव मी सांगतो. झिपरी."

"ते जळगावचं. शिळं."

"ठीक. सगळं तोंड नको. नुसते गाल."

"नाही."

"हात तरी? बाह्या लांब आहेत, मनगटापुरते."

"ट्रंकवाले, मी भाजीवाला नाही."

"अहो, पुढच्या वर्षी तुम्हाला चार दिवस काम देतो. आरामखुर्ची देतो बसायला. विंगेत पाठ करून बसा नाहीतर तोंड करून बसा."

"मला ट्रंक बरी."

"लोक येऊन बसलेत, चाचा! माझा शब्द जातोय."

तेव्हा त्यांनी मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग तूच कर गड्याचं काम. तुला बूच लागणार नाही."

रंगपट हसला. मी काळा आहे, चांगला तव्यासारखा आहे, आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. पण बोदवडच्या स्टेशनावर ट्रंका उतरवताना "ए काळ्या" अशी जी हाक मला ऐकावी लागे, ती त्या हशात मला ऐकू आली. माझं डोकं सणकलं. मी तसाच बाहेर पडलो, जत्रेतल्या भजीवाल्याच्या कढईचं बूड खरवडून मूठभर काजळी आणली, त्याच्याच डब्यातलं शेंगदाण्याचं तेल ओतलं आणि माझ्या हातानं दिगंबरचं तोंड माखलं. तकतकीत झालं. मी चाचांना म्हणालो, "बघा. पाच मिनिटं लागली."

चाचा म्हणाले, "तेल?" आणि ट्रंकेवर जाऊन पाठ करून बसले.

या धंद्यात मी चुका फार थोड्या केल्या आहेत. ही त्यातली मोठी.

सावकारानं पहिली थप्पड मारली, हशा आला, माझा जीव भांड्यात पडला. सावकाराचं काम आमच्या मंडळाचा शिंपी करत होता. मारून झाल्यावर त्यानं ठरल्याप्रमाणे मिशीला पीळ दिला, आणि त्याच्या गालावर चार बोटं उठली. काळी. त्याला पत्ताच नाही. तो ऐटीत फिरतोय. मागून, जमिनीवरून, एक हुंकार आल्यासारखा आवाज आला. मग त्यानं बायकोची हनुवटी धरली. ती काळी. बायको झालेल्या पोस्टातल्या पोरानं लाजून त्याच्या सदऱ्याला तोंड लावलं. सदरा काळा. सदरा माझा! दुसरी थप्पड, कान पिळणं, सावकार घाम पुसतोय आणि जितका पुसतोय तितका रंगतोय. दिगंबरच्या तोंडावरून मात्र तेल आणि घाम मिळून काजळी ओघळत होती आणि आतून त्याचा गोरा रंग बाहेर येत होता. दहा मिनिटांत सावकार काळा आणि गडी गोरा.

मी पडद्याच्या दोऱ्या हातात धरून उभा होतो. ओढायचं भान राहिलं नाही. जमिनीवरचे लोक उठून उभे राहिले होते. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एक म्हातारा काठी आपटत होता. असा हशा मी त्याआधी ऐकला नाही आणि नंतरही ऐकला नाही. खुर्च्या मात्र गप्प होत्या. मी चाचांकडं बघितलं. ते ट्रंकेवर वळून बसले होते. रंगमंचाकडं तोंड करून, डोळे न मिटता बघत होते.

शेवटी गड्यानं पाय धरायचे होते. दिगंबर वाकला, वर बघितलं, त्याला सावकाराचं तोंड दिसलं आणि पाय न धरता तो म्हणाला, "धनी, आरसा आणू?"

पडदा मी कसा पाडला ते आठवत नाही. मांडव पाच मिनिटं शांत होईना.

नानाशेठ मागं आले. लाल पगडी, पांढरा सदरा. आमच्या सावकाराची ड्रेपरी नेमकी तशीच होती, हे त्यांना बघितल्यावर मला कळलं. मी हात जोडले आणि खरं तेच सांगितलं. "शेठ, चूक माझी. घाईत तेलातली काजळी लावली. उन्हानं उतरली. कुणाच्या मनात काही नव्हतं."

नानाशेठच्या मिशीखाली हसू आलं. "म्हणजे चुकून झालं?"

"अगदी चुकून."

"मग ठीक आहे. लोक हसले, हे खरंच. पुढच्या वर्षी..."

"चुकून नाही, शेठ," चाचा मागून म्हणाले.

मी वळलो. म्हातारा अनवाणी पुढं आला होता.

"रंग मी लावला. रंगवाला मी आहे. असाच उतरावा म्हणून लावला."

"चाचा, काय बोलताय?" मी ओरडलो. "शेठ, यांनी पेटीसुद्धा उघडली नाही!"

"का लावलात?" नानाशेठनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"पन्नास वर्षं हा रंग मी खालच्यांच्या नावानं लावला," चाचा म्हणाले. "तो वरच्याला लागतो का, बघायचं होतं. लागतो."

नानाशेठनी पगडी सारखी केली आणि गेले. संध्याकाळी कमिटीचा माणूस येऊन म्हणाला, सामान आजच हलवा. पुढच्या वर्षी नाशिकवालाच आला.

परतताना ट्रकमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्यांवर आम्ही समोरासमोर बसलो होतो. कुसुंब्यापर्यंत मी बोलत होतो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "काजळी माझी! तेल माझं! हात माझा! तुमचं त्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग खोटं का बोललात?"

"तू ते शेठला चूक म्हणून विकत होतास," चाचा म्हणाले. "इतकं चांगलं काम, आणि चूक म्हणून? तो घेऊन जाऊन विसरला असता. मला ते देववेना."

"नुकसान माझं झालं, चाचा!"

"झालं," ते म्हणाले. "त्याला मी नाही म्हणत नाही."

माफी नाही, काही नाही. पाच महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मग धुळ्यात एका संगीत नाटकाला नारद रंगवायला माणूस मिळेना, तेव्हा मशिदीमागच्या गल्लीत गेलो. चाचा पेटी घेऊन दारातच बसले होते, जसं मी कालच निरोप पाठवला होता. त्यानंतर सहा-सात वर्षं ते माझ्याकडं होते. काळं तोंड रंगवायचं काम मात्र आमच्यात पुन्हा निघालं नाही. मी तो फार्स कुणाला सुचवला नाही आणि त्यांनी कुणाला आईचं नाव विचारलं नाही. एका थंडीत ते खोकल्यानं गेले. कंपाउंडर मातीला आला होता.

माझा राग गेला नाही. एक तर जत्रा गेली. आणि दुसरं, जे मला जास्त लागतं: खान्देशात झालेला सगळ्यांत मोठा हशा माझ्या हातून झाला आणि तो चाचांच्या नावावर चढला. जळगावात, धुळ्यात, नाटकवाले ती हकिगत सांगतात तेव्हा म्हणतात, "त्या म्हाताऱ्या रंगवाल्यानं काय डोकं लढवलं!" मी मध्ये पडून खरं सांगितलं की माझ्याकडं बघून हसतात. मेलेल्या माणसाचं श्रेय लाटतो म्हणतात. मला!

ते गेल्यावर दोन वर्षांनी मांडवाच्या बांबूंसाठी मी पिंपळनेरच्या बाजारात गेलो होतो. बांबूवाला कोकणा, पन्नाशीचा, डोक्याला मळका फेटा. मी बांबू ठोकून बघत होतो, तो मला बघत होता.

"भाऊ, तुम्ही त्या नाटकवाला ना? सावकारना तोंडले काळं लागनं व्हतं ते?"

मी म्हणालो, "हो, मीच."

त्याचं तोंड उजळलं. त्यानं शेजारच्या दोघांना हाक मारली. मग तिघं मिळून सांगू लागले. त्यांच्या पाड्यावर होळीला सोंगं निघतात. त्या वर्षापासून त्यांत एक सोंग वाढलंय. एक जण सावकार होतो, एक जण गडी. सावकार मारतो आणि मारता मारता स्वतः काळा होत जातो. आता शेजारच्या दोन पाड्यांवरही करतात. सावकार व्हायला पोरांत भांडणं लागतात.

"आन तो रंगवाला बाबा कोठे शे?" त्यानं विचारलं.

"गेले ते."

तो बांबूच्या गाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमनामां दोन पार्ट्या शेत. काही म्हंतस, बाबानी मुद्दाम करं. काही म्हंतस, तसंच व्हई गयं. तुम्ही तठे व्हतात. तुम्ही सांगा."

तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. कढई, काजळी, शेंगदाण्याचं तेल, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला खरं विचारत होतं आणि मी सांगितलं असतं तर विश्वास ठेवणार होतं.

"मुद्दाम," मी म्हणालो. "मुद्दामच केलं त्यांनी. मी समोर होतो."

बांबूवाल्यानं शेजारच्याच्या पाठीत एक रट्टा हाणला. तो दुसऱ्या पार्टीतला असावा. मग आम्ही बांबूंचा भाव करायला बसलो, आणि त्यात मात्र मी त्याला तासभर उठू दिलं नाही.